बेस, मिडल आणि माझे सासरे

एक अत्यंत गंभीर घोषणा करायची आहे. वाचकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवावा, वडीलधाऱ्यांनी पाठीशी उशी घ्यावी आणि ज्यांचे दूध चुलीवर आहे त्यांनी ते उतरवून यावे. गिटारच्या अँप्लिफायरवरची बटणे ज्याला खऱ्या अर्थाने कळली असा एकच मनुष्य या भूतलावर होऊन गेला. तो हुबळीत राहत होता. त्याने जन्मात गिटारला बोट लावले नव्हते. आणि तो माझा सासरा होता. यातली शेवटची बाब सोडली तर माझी कशालाच हरकत नाही.

घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून लग्नानंतर मीही म्हणू लागलो. कोप्पीकर रोडवर त्यांचे भांड्यांचे दुकान होते. घराणे मूळचे मिरजेकडचे. गिऱ्हाइकाशी कानडी, घरात मराठी आणि भांड्यांशी टिचकीची भाषा. दुकानात आलेली वस्तू ते आधी कानाजवळ नेत, मग नखाने टिचकी मारत आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून थांबत. गिऱ्हाइकाला घाई असली तरी त्यानेही थांबायचे. ही सवय दुकानापुरती राहिली असती तर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण ते कलिंगड, फणस, पाहुण्यांच्या ट्रंका, नव्या घराच्या भिंती आणि एकदा तर त्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरांची बॅगसुद्धा टिचकी मारून पाहत. जगातले सगळे आवाज त्यांनी दुकानातल्या तीन फळ्यांवर लावून टाकले होते. "स्टीलचा पेला म्हणजे ट्रेबल, पितळेचं पातेलं म्हणजे मिडल, तांब्याचा हंडा म्हणजे बेस," ते सांगत. "एवढं कळलं की झालं. बाकीचं गवई लोकांनी पोटासाठी वाढवलंय." धारवाडसारख्या गावापासून थोड्या मैलांवर राहून हे बोलायला छाती लागते, अण्णांची छाती हंड्याच्या फळीवरची होती. छप्पन साली आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा बाजारात दुकानादुकानांतून त्यावर वाद झडत होते. अण्णांचेही त्या वर्षी समोरच्या दुकानदाराशी कडाक्याचे भांडण झाले, पण ते त्याच्या रेडिओत बेस फार असल्याबद्दल. "राज्य कुठलंही येऊ दे," ते रस्त्याच्या या बाजूने ओरडले होते म्हणे, "हंडा पेल्यावर बसता कामा नये!"

अशा घरात मी मुलगी पाहायला गेलो. मी धारवाडच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी सळई सरकवायची, ती गिटार. माझे वादन ऐकून लोक मनापासून म्हणत, "सर, तुम्ही भूगोल फार छान शिकवता." निघण्यापूर्वी वडिलांनी माझ्याकडून पगार, गोत्र, पुढचा विचार अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरे घोकून घेतली होती. अण्णांनी त्यातले काहीच विचारले नाही.

"वाजवता म्हणे?"

"हो, थोडंसं."

"ट्रेबल किती ठेवता?"

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. "अर्धा," मी ठोकून दिले.

"कुठल्या पेटीवर अर्धा?" अँप्लिफायरला ते पेटी म्हणत.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुमच्या घरचं अर्धं पातेलं आणि आमच्या घरचं अर्धं पातेलं सारखं असतं का?"

मी पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला. अण्णा उठले, माझ्या मागे आले आणि काय होते आहे हे कळायच्या आत त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली. डोळे मिटून थोडा वेळ थांबले. मग आत वळून सासूबाईंना म्हणाले, "मिडल आहे. बाकीचं शिकवता येईल." आणि लग्न ठरले. हिला मी आवडलो की नाही हे विचारायचे राहूनच गेले. ती अजून सांगत नाही.

माझा पहिला अँप्लिफायर हुबळीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने घडवून दिला होता. त्याला आवाजाचे एक बटण आणि टोनचे एक बटण, संपला कारभार. टोनचे बटण वाढवले की आवाज उजळतो असा माझा समज होता. अण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले, कोट न काढताच अँप्लिफायरपुढे मांडी घालून बसले, बटण इकडून तिकडे फिरवले आणि म्हणाले, "जावईबापू, हे बटण काही देत नाही. ही गाळणी आहे. वरचं वरचं अडवून धरते. पूर्ण उघडलीत की जे आहे तेवढंच मिळणार. बंद केलीत की गिटार कांबळं पांघरून गाते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि जे आहे तेच कमी असलं तर गाळणी काय करील?" हे गिटारबद्दल होते की माझ्याबद्दल, हे मी विचारले नाही. जावयाने काही गोष्टी झाकून ठेवलेल्या बऱ्या.

पुढे मी तीन बटणांचा अँप्लिफायर घेतला. त्यावर बेस, मिडल, ट्रेबल अशी अक्षरे वाचून अण्णांना इतका आनंद झाला, की जणू त्यांच्या दुकानाची पाटीच कोणी कोरली होती. पण ती पेटी जुन्या पद्धतीची होती आणि तिच्यातली तिन्ही बटणे एकत्र कुटुंबासारखी राहत. ट्रेबल वाढवला की मिडल रुसायचा, बेस वाढवला की मिडल आणखी खचायचा, आणि तिघांना अगदी मधोमध ठेवले तरी मधला बसलेलाच. "यांच्यात समान वाटणी होतच नाही," अण्णा म्हणत. "मधला बिचारा दोघांत चेंगरलाय. त्याला पूर्ण वर करा, दोघांना खाली ओढा, मग कुठं सरळ आवाज येईल." मला हे पटत नसे. शिक्षक माणूस; कोऱ्या फळ्यावरून सुरुवात करायची सवय. रायापूरच्या एका लग्नात मी विचार केला, आधी तिन्ही बटणे शून्यावर न्यावीत आणि मग एकेक थोडे थोडे वाढवावे. नेली. सळई ठेवली, तार छेडली. काही नाही. वायर बदलली, काही नाही. अँप्लिफायरला थोपटले, मनातल्या मनात कुलदैवताला हाक मारली, शेवटी "फ्यूज उडाला" असे जाहीर करून टाकले. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अण्णांचा आवाज आला, "फ्यूज नाही हो उडाला! तिघांनाही घराबाहेर काढलंत, आता बोलणार कोण?" त्या पेटीत तिन्ही बटणे खाली नेली की आवाज जवळजवळ नाहीसाच होतो, हे तेव्हा मला कळले. मला आणि पाचशे वऱ्हाड्यांना एकदमच.

त्या दिवसापासून अण्णांनी माझा कारभार उघडपणे हाती घेतला. ते प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसत आणि खुणा करत. कानाची पाळी ओढली की ट्रेबल, नाक चोळले की मिडल, पोटावर थापटी मारली की बेस. वाढवायचे असेल तर भुवया वर, कमी करायचे असेल तर खाली, आणि जमले की तळहात पुढे करून "साकु", म्हणजे पुरे. क्रिकेटच्या पंचालासुद्धा इतके काम नसते. एकदा त्यांनी सलग दोन गाणी बेससाठी पोट थापटले, तेव्हा शेजारच्या सद्गृहस्थांनी खिशातली हिंगाष्टकाची पुडी त्यांच्या हातावर ठेवली. अण्णांनी मान हलवून ती तोंडात टाकली आणि थापटणे चालू ठेवले. ऑर्केस्ट्रातले लोक मला "रिमोटवाला" म्हणू लागले. मी चिडायचे सोंग करी. पण खरे सांगायचे तर खुणा मिळाल्या की मला बरे वाटे. आपल्याला काय हवे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला, ते ठाऊक असलेला एक माणूस समोर असणे म्हणजे केवढा आधार! मग तो चुकत का असेना.

आणि ते चुकत, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर सासुरवाडीची स्तुती केल्याचा आळ यायचा. एका खंडेनवमीला अण्णांनी माझ्या अँप्लिफायरची बटणे स्वतः बसवली आणि मग पूजा केली. आमच्याकडे त्या दिवशी झाडून सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. दुकानात तराजू, शेजारी लॉरी, घरात शिवणयंत्र. सासूबाईंनी प्रत्येक बटणाच्या टोकासमोर कुंकवाचे बोट लावले. ते पत्र्यावर असे काही धरले, की पुसून जाईना. "हीच मुहूर्ताची जागा," अण्णा म्हणाले. "आता हलवायचं नाही." योगायोगाने त्या वर्षी माझे वादन बरे झाले, आणि कुंकवाच्या त्या तीन ठिपक्यांना आमच्या घरात ग्रहांइतके महत्त्व आले.

मग मी मुंबईहून नवा, ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर आणवला. त्याची रीतच निराळी. बटण बरोबर मध्यावर आले की बोटाला बारीक खटका लागायचा. तिथे ठेवले तर काही वाढणार नाही, काही घटणार नाही. डावीकडे गेले तर कमी, उजवीकडे गेले तर जास्त, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही; जणू तीन भाऊ वेगवेगळ्या घरांत राहायला गेलेले. मुलगी पाहताना ज्यांनी मला पातेल्याचा धडा दिला होता, तेच अण्णा या वेळी मुहूर्तापुढे सगळे विसरले. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी सासूबाईंकडून नव्या पेटीवर नेमक्या त्याच जागी कुंकू लावून घेतले. आता जुन्या पेटीत मिडल पार उजव्या टोकाला न्यावा आणि बाकी दोघांना खाली ओढावे, तेव्हा कुठे आवाज माणसात येई. त्याच जागी नव्या पेटीत काय झाले असेल? धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात आयुधपूजेचा कार्यक्रम होता. मी पहिला स्वर लावला, आणि पाळी सुटल्याचा भोंगा समजून निम्मे कामगार डबे घेऊन उठले. पहारेकऱ्याने फाटकसुद्धा उघडले. मी घाबरून बटणाकडे हात नेला, तर पहिल्या रांगेतून अण्णा दोन्ही हातांनी "नको, नको" करत होते. पूजा झालेली बटणे दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत ना! तो कार्यक्रम आम्ही तसाच रेटला. मॅनेजरसाहेबांनी नंतर नारळ देताना विचारले, "हे वाद्य कुठल्या खात्यात मोडतं?"

वर्षे गेली. माझे केस आधी गेले, मग पिकायला जे उरले होते तेही पिकले. आणि हळूहळू एक बदल माझ्या लक्षात आला. अण्णांनी पोट थापटणे सोडले. नाकालाही हात लावेनासे झाले. आता खूण एकच: कानाची पाळी, भुवया वर. ट्रेबल, अजून ट्रेबल. "इन्नू स्वल्प," अजून थोडं, असे त्यांचे ओठ म्हणत. मी आज्ञाधारक. फिरवत गेलो. गिटार किंचाळू लागली, बायका पदर कानावर घेऊ लागल्या, एका बारशात पाळण्यातले मूल असे रडले, की त्याचे नाव ठेवायचे लांबले. ऑर्केस्ट्राचा चालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एक तर सासरे तरी सोडा, नाहीतर ऑर्केस्ट्रा तरी." मी घरी येऊन तणतणलो, "तुझ्या वडिलांना झालंय तरी काय?"

ही भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "अण्णांना पेला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन कोपऱ्यात बसलो. अण्णांनी एका बाईंना स्टीलचा पेला दाखवला, टिचकी मारली. पूर्वी ते डोळे मिटून ऐकत. आता डोळे उघडे होते आणि बाईंच्या चेहऱ्यावर खिळले होते. बाई हसल्या, तसे तेही हसले आणि म्हणाले, "बघा, कसा वाजला!" हंडा त्यांना ऐकू येत होता, पातेले थोडे थोडे येत होते. वरची फळी मात्र रिकामी झाली होती. घरात हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते, कारण ज्याचे अख्खे आयुष्य टिचकीवर उभे आहे त्याला हे सांगायचे कोणी?

आता माझ्यापुढे पेच असा, की अण्णांना ऐकू जाईल असे वाजवले तर बाकी गाव उठून जाते, आणि गावासाठी वाजवले तर अण्णांची खूण मोडते. पहिल्या रांगेतला तो माणूस एका दिवसात म्हातारा होतो. हा पेच हिने सोडवला. "त्या बटणाची वायर काढून टाका," ती म्हणाली. "अण्णा कान ओढतील, तुम्ही फिरवा. कुणाला त्रास नाही." रेडिओ दुरुस्तीवाल्याने ट्रेबलच्या बटणाची आतली जोडणी सोडवली आणि आवाज कायमचा मधल्या खटक्यावर बांधून दिला. त्यानंतरची काही वर्षे माझ्या संगीतजीवनातली सर्वात सुखाची. अण्णा कान ओढत, मी झोकात बटण फिरवी, आवाजात तिळमात्र फरक पडत नसे. मग अण्णा खुर्चीत वळून मागच्या लोकांचे चेहरे नीट न्याहाळत आणि तळहात पुढे करत: साकु. मला वाटे, कौतुक गोळा करताहेत. नाटक इतके बेमालूम वठत होते, की कधी कधी मलाही आवाज उजळल्यासारखा वाटे. यावरून माझ्या कानाची पातळी वाचकांनी ओळखावी.

आणि एका गणेशचतुर्थीच्या आधी सगळे मुसळ केरात गेले. हिने अण्णांना डॉक्टरकडे नेऊन कानाचे यंत्र बसवले. छातीच्या खिशात डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर, डबीला फिरवायचे एक चाक. "ट्रेबलचं वेगळं बटण नाही?" अण्णांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केला. ते घरी न येता थेट दुकानात गेले. दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हते. अण्णा फळीवरचा एकेक पेला उतरवून टिचकी मारत होते, ऐकत होते आणि परत जागेवर ठेवत होते. डोळे मिटलेले. सासूबाई गल्ल्यापाशी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मी डबा ठेवून निघून आलो. त्यांच्यासाठी फार आनंद झाला. धारवाडच्या बसमध्ये बसल्यावर मात्र मी कंडक्टरकडे हुबळीचेच तिकीट मागितले.

कारण दोन दिवसांनी त्यांच्याच गल्लीच्या गणपतीपुढे आमचा कार्यक्रम होता. आता अण्णांना ऐकू येणार. ते कान ओढणार, मी बटण फिरवणार आणि काहीच होणार नाही, हे त्यांना भर मांडवात, आपल्या गल्लीत, आपल्या माणसांसमोर कळणार. दुरुस्तीवाल्याकडे धावलो, तो सणासाठी गावी गेलेला. स्वतः वायर जोडावी तर माझा अनुभव असा, की मी घरातला दिवा बदलला होता तेव्हा शेजारच्यांचे गेले होते. हिला म्हटले, "काय करू?" ती म्हणाली, "त्यांच्याकडे बघूच नका."

संध्याकाळी मांडव भरला. अण्णा पहिल्या रांगेत, धुतलेला कोट, खिशात डबी. पहिले गाणे सुखरूप गेले. दुसऱ्याला त्यांचा हात कानाकडे गेला. मी तारांकडे पाहू लागलो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होते: त्यांनी पाळी ओढली, भुवया वर केल्या, मग दोन्ही पाळ्या ओढल्या. मी आयुष्यात कधी गिटारच्या तारा इतक्या निरखून पाहिल्या नव्हत्या, सहा असतात. गाणे संपले. टाळ्या विरल्या आणि अण्णा उभे राहिले. मागे सगळी गल्ली, बाजूला ही पदराचे टोक दातात धरून उभी, आणि माझा हात त्या मेलेल्या बटणापासून वीतभर अंतरावर लटकलेला. पुढेही जाईना, मागेही येईना.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी अजून अधूनमधून वाजवतो. बटणे कुठे ठेवावीत ते मला आजही समजत नाही, आणि पहिल्या रांगेत बसणारे लोक फार शांत असतात. हात मांडीवर ठेवून नुसते ऐकतात. अशा वेळी मला त्या मांडवातले ते उभे राहणे आठवते. चेहऱ्यावर राग नव्हता. असलाच तर थोडा अवघडलेपणा होता, पंगतीत आपल्या पानावर वाढायचे राहून गेले की माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा. यंत्र नवे होते, आपला आवाज किती मोठा येतो याचा त्यांना अजून अंदाज नव्हता. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"अहो जावईबापू, फिरवा की! इतकी वर्षं चालत नसताना फिरवलंत, आज काय झालं?"